वरचं दूध

प्रिय वरचीस,

मी आजी झाले. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर गप्पांच्या नादात राहून जायचं आणि तू म्हणशील, एवढं लांबलचक पत्र आलं आणि त्यात होतं काय, तर काही नाही. मुलगी झाली. आपल्या डबीला. आज बावीस दिवस झाले. पहिले आठ दिवस मी नुसती बाळाकडे बघत बसले, पुढचे आठ दिवस लंगोट धुतले, आणि त्यानंतर घरात जे काही झालं ते तुला सांगितल्यावाचून माझी सुटका नाही, म्हणून बसलेय लिहायला. तुझा नवा पत्ता कारखान्यातल्या झडतीवालीच्या लेकीकडून मिळवला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही तिसरी दोनदा, हे तुला ठाऊक आहे. काना, मात्रा, वेलांटी कुठे कमी पडली तर पदरची घाल. कागद हॉस्पिटलच्या फाइलमधला आहे. मागे 'बाळंतिणीचा आहार' छापलंय ते वाचू नकोस, त्यात माणसाला आवडेल असं काही नाही.

बाळ म्हणजे काय सांगू. ओंजळीत मावेल एवढं, आणि रुबाब असा की घरातली चार मोठी माणसं चवड्यांवर चालतात. नाक जावयाचं, कान जावयाचे, कपाळ जावयाच्या आईचं. आमच्याकडून काहीच घेतलं नाही म्हणून मी जरा हिरमुसले होते, तेवढ्यात तिने तोंड उघडलं. अगं, हुबेहूब सासूबाई. तीच पट्टी, तोच शेवटचा हेल, की सगळे मेलात का रे. आम्ही आता चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्टच्या घरात, तर फाटकावरच्या वॉचमनने मान वर करून बघितलं म्हणे. नाव अजून ठेवलेलं नाही, पण नावं ठेवायला सगळे येऊन गेले. कुणी म्हणालं बाळ बारीक आहे, कुणी म्हणालं आईच बारीक आहे, जावयाची मावशी म्हणाली पाळणा बारीक आहे. त्या मावशीला बसायला मी मुद्दाम लहान स्टूल दिलं.

पण बाळ बारीक आहे हे खरं, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. ती अंगावर नीट पीत नाही. तोंड लावते, दोन घोट घेते, सटकते, की झाल्या सासूबाई सुरू. डबीला दुखतं, मग तीही रडते. दोघींच्या मध्ये जावईबापू फोन घेऊन उभे. त्या फोनमध्ये सगळं लिहिलेलं असतं, डावीकडे पंधरा मिनिटं, उजवीकडे पंधरा मिनिटं. फ्रिजवर कागद चिकटवलाय, त्यावर डा. आणि उ. लिहून खुणा करतात. मला दोन दिवस वाटत होतं ती कुठल्या डॉक्टरची सही आहे. माणूस सोन्यासारखा, लंगोटसुद्धा धुतो, पण दूध काही घड्याळ बघून येत नाही हे त्याला सासूने कोणत्या तोंडाने सांगावं.

मग हॉस्पिटलने एक बाई पाठवली. तिचं काम काय, तर पाजायला शिकवायचं. त्याचा कोर्स असतो आणि वर परीक्षा असते. आपण दोघी बसलो असतो तर पहिला आणि दुसरा नंबर घरातच राहिला असता. तिने पिशवीतून एक कापडी बाहुली काढली, आणि मग, हसू नकोस, लोकरीचा विणलेला स्तन काढला. गुलाबी. जावईबापूंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. मी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. विणकाम पक्कं होतं, टोकाशी एक टाका सुटला होता तेवढाच, तो तिला दाखवला. उभा जन्म मोज्यांची टोकं शिवण्यात गेला, टोक तपासल्याशिवाय मला राहवत नाही. बाई गुणी होती. बाळाचं डोकं हातावर, अंग काखेत, पाय मागे, असं धरायला तिने दाखवलं. दुकानातून पाव आणताना आपण काखेत मारतो ना, तसं. तिच्यासमोर पोरगी शहाण्यासारखी प्यायली. बाईची पाठ वळली आणि पोरगी धडा विसरली.

डॉक्टरांनी वजन करून सांगितलं, तूर्त थोडं वरचं दूध चमच्याने द्या, अंगावर लावणं सोडू नका, दहा दिवसांनी पुन्हा बघू. जावयाने डबा आणला. वाटी-चमचा उकळून, पाणी उकळून, माप मोजून सगळं रीतसर चालू आहे. डब्याशी माझं भांडण नाही. पोराचं पोट भरलं पाहिजे, ते कुणी भरलं याचा मान नंतर. माझं भांडण आहे ते बैठकीच्या खोलीतल्या फोटोशी. तो फोटो तुला आठवत असणार, आणि आठवत नसेल तर तुझ्याइतकी चांगली बाई जगात नाही. फोटोत मी आहे, माझ्या एका हातात आठ महिन्यांची गोलगरगरीत डबी, दुसऱ्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा, आणि गळ्यात 'पहिला नंबर' लिहिलेली फीत. त्या दिवशी डबी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. खांद्यावर रडणारं बाळ. अगदी शांतपणे म्हणाली, "आई, आपल्या घरातच दूध नाही. तुला नव्हतं, मला नाही. उगाच त्या पोरीचे हाल कशाला? दहा दिवस प्रयत्न करते, मग बंद." ते दहा दिवस पुढच्या शुक्रवारी संपतात.

जिचे छातीशी ठेवलेले मोजे दुधाने दिवसातून दोनदा भिजायचे त्या बाईला तिचीच लेक सांगतेय की तुला दूध नव्हतं. आणि मी बोलू काय? खिळा मी ठोकलेला, फोटो मी लावलेला, रोज पुसते तोही मीच.

तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण ते दिवस आठवले की मला बरं वाटतं. खाली आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, वर तुमची एक खोली आणि गच्ची, मध्ये मागचा लाकडी जिना, ज्याची तिसरी पायरी कुरकुरायची. तुझ्या सासूचं आणि माझ्या सासूबाईंचं भांडण, का, तर तुमच्या ओल्या कपड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या गव्हावर पडलं. तुझी सासू वारली, पण भांडण काही वारलं नाही, ते वारसाहक्काने तुझ्या नावावर चढलं. सासूबाई तुझं नावसुद्धा घेत नसत. 'ती वरची' म्हणायच्या. मग तू मला 'खालची' म्हणायला लागलीस, आणि आपली हीच नावं पडली. त्यात दोघींना दोन महिन्यांच्या अंतराने पोरं झाली, आधी तुझा मुलगा, मग माझी मुलगी. मोज्यांच्या कारखान्यात माझी पाळी सकाळची सात ते दोन, तुझी दुपारची दोन ते नऊ. पोरीला घरी ठेवून कामावर जायचं म्हणजे बाटली आली. सासूबाईंनी डबा मागवला, बाटली भरली, पोरीच्या तोंडात घातली. पोरीने बाटलीकडे असं बघितलं जणू आपण तिला पान्हा दाखवतोय. नळ सोडायचा पान्हा. दुधाचा नव्हे.

तेव्हा डोकं तू चालवलंस. कारखान्याच्या फाटकात मी बाहेर पडत होते आणि तू आत शिरत होतीस. माझा पुढचा कपडा भिजलेला बघून तू म्हणालीस की तुझं इथे वाया जातंय, माझं तिथे वाया जातंय, आणि पोरं दोन्हीकडे बोंबलतायत, आपण काय मूर्ख आहोत का. दुसऱ्या दिवसापासून ठरलं. सकाळी डबी तुझ्याकडे, दुपारी तुझा काडी माझ्याकडे. काडी आणि डबी. साऱ्या गल्लीने नावं ठेवली ती अशी, एक वाळका आणि एक गोल, दोघं मिळून काडेपेटी. सासूबाई सकाळी नळावर पाण्याला जायच्या, नऊ वाजता आणि अकरा वाजता, तेवढ्या वेळात तू मागच्या जिन्याने उतरून पोरीला पाजून जायचीस आणि बाटलीतलं दूध दाराशी टपून बसलेल्या भाटीला ओतायचीस. ती मांजरी इतकी लठ्ठ झाली की भिंतीवरून उडी मारायच्या आधी विचार करायची. दुपारी मी 'कपडे वाळत घालते' म्हणून वर यायचे. तेच चार लंगोट तीनदा वाळत घातले मी. तुझे सासरे मला बघितलं की भिंतीकडे तोंड करून रेडिओला कान लावायचे आणि मोठ्याने सांगायचे, बातम्या ऐकतोय. सबंध दुपारभर बातम्या. जगात एवढं काही होत नव्हतं.

कारखान्यातली गंमत मात्र तुला अर्धीच माहीत आहे. सकाळी दहाचा भोंगा झाला की माझा पान्हा फुटायचा. भोंग्याला आणि दुधाला कुणी काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. मग मी नापास झालेल्या मोज्यांतले दोन घडी करून आत ठेवायला लागले, एकीकडे एक. एकदा सुटताना झडतीवालीच्या हाताला ते लागले. तिने सगळ्या बायकांसमोर विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, मोजे. चोरलेत? म्हटलं, चोरलेत की नाही ते तूच ठरव, पण पिळून घे. तिने हात लावून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून तीच मला रोज सकाळी दोन कोरडे मोजे आणून द्यायची. जोडी कधी जुळायची नाही. एक राखाडी, एक तपकिरी.

डबी फुगत गेली. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, आमची पोर डब्यावर वाढतेय. आणि मग ती पांढरी बाई आली. डोक्यावर टोपी, पायात पांढरे बूट, दिसायला नर्स, पण हॉस्पिटल कुठलं ते कुणी विचारलं नाही. ती पावडर विकणाऱ्या कंपनीची होती. तिने शाळेच्या हॉलमध्ये बाळांची स्पर्धा ठेवली. वजनकाटा, माईक, फोटोवाला, सगळं. तू काडीला घेऊन आली होतीस. तो काट्यावर बसल्यावर काट्याला कळलंच नाही कुणी बसलंय. डबीला बसवलं तर काटा दचकला. पहिला नंबर. मला वर बोलावलं, हातात डबा दिला, तोंडासमोर माईक धरला आणि पांढऱ्या बाईने विचारलं, बाळाला काय पाजता? मी खाली बघितलं. पुढच्या रांगेत सासूबाई, मागच्या रांगेत तू. माझ्या तोंडून आलं, "वरचं दूध." टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं डब्याचं. तुझ्या आणि माझ्यापुरतं ते वरच्या मजल्याचं होतं. तू तोंडाला रुमाल लावलास, खांदे हलत होते. त्या संध्याकाळी जिन्यात भेटलीस तेव्हा म्हणालीस, खालचे, खोटं नाही बोललीस गं, पण खरं बोलायलाही विसरलीस. आणि आपण दोघी हसलो. मी जास्त हसले.

इथपर्यंतची गोष्ट मी मनातल्या मनात किती वेळा घोळवली असेन. नेहमी इथेच थांबते. पुढे जात नाही. आज जाते.

त्या फोटोनंतर आपल्या गल्लीत पाच घरांत डबे आले. त्यातली एक कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. चांगलं अंगावर पाजत होती, पण डबीसारखं बाळ हवं म्हणून बाटली धरली. डबा महाग, म्हणून सबंध बाटलीला एकच चमचा, आणि पाणी थेट नळाचं. पोराला जुलाब लागले, डोळे खोल गेले, चार दिवस हॉस्पिटलात होतं. तू माझ्याकडे आलीस, समोरच्या दाराने, सासूबाईंच्या देखत, आणि म्हणालीस की चल, आपण जाऊन बायकांना सांगू डबी कशावर वाढली. मी म्हटलं, उद्या जाऊ. तू उद्याची वाट बघितली नाहीस, एकटी गेलीस. नळावर सगळ्यांसमोर सांगितलंस. आणि बायका काय म्हणाल्या? जळते मेली, हिच्या काडीला नंबर मिळाला नाही ना. मी तिथेच होते. माझी बादली भरत होती. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, तूही बघितलंस. मी बादलीकडे बघत राहिले. भरून वाहायला लागली तरी बघत राहिले.

इस्त्रीवालीचं पोर वाचलं. तू हॉस्पिटलात जाऊन त्यालाही पाजलंस आणि त्याच्या आईला धीर देऊन पुन्हा अंगावर लावायला लावलंस, हे मला तिच्याकडूनच कळलं, तुझ्याकडून नाही. आज तो बस चालवतो आणि थांब्यावर कधी थांबवत नाही, पण ते डब्यामुळे असेल असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही तू डबीला पाजायचं सोडलं नाहीस. फक्त जिन्यात थांबणं सोडलंस. मग तुझ्या घरच्यांची बदली झाली, तुम्ही गाव सोडलं, आणि एकतीस वर्षांत आपली पत्रं झाली चार. चारींत हवापाणी.

तर आता सांगते, मी काय केलं. परवा सकाळी डबी बाळाला चमच्याने देत होती तेव्हा मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तू डब्यावर वाढली नाहीस, तू वरच्या दुधावर वाढलीस. ती म्हणाली, तेच ना, वरचं म्हणजे डब्याचं. मी म्हटलं, वरचं म्हणजे वरच्या मजल्यावरचं. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे दयेने बघितलं, आपण म्हाताऱ्या माणसांकडे बघतो तसं. म्हणाली, आई, मला बरं वाटावं म्हणून तू गोष्टी रचतेस. मी मोजे सांगितले, भोंगा सांगितला, झडतीवाली सांगितली, मांजर सांगितली. मांजरीला हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. पण विश्वास ठेवायला तयार नाही. फोटोकडे बोट दाखवते. छापील पुरावा आहे ना. तिच्या बापाला साक्षीला बोलावलं तर हे म्हणतात, मला काय ठाऊक, मी पाळीवर असायचो. हा माणूस कायम पाळीवरच होता. शेवटी डबी म्हणाली, "खरं असेल तर त्या वरच्या मावशीला बोलाव. ती सांगेल तर मानेन." हे बोलताना तिने बाळाला अंगावर घेतलं, पावासारखं काखेत धरून, आणि पोरगी चांगली सात मिनिटं प्यायली. सात हा आकडा जावयाचा.

आणखी एक निरोप माझ्याकडे पडून आहे, सहा वर्षांपासून. सासूबाईंचा. तू तेव्हा मला एक गंमत सांगायचीस, आठवतं? की घरात पोरीशिवाय चिटपाखरू नसताना ह्या बाई पाण्याला निघताना जिन्याशी उभ्या राहून एवढ्या मोठ्याने कुणाला ओरडून सांगतात, 'मी पाण्याला चालले, मला वेळ लागेल', आणि परतताना कोपऱ्यापासूनच बादली दणादणा वाजवत का येतात. आपण म्हणायचो, म्हातारीला वेड लागलंय. शेवटच्या आजारात एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या वरचीला सांग, बादली मी रिकामीच वाजवायचे." नळाला पाणी येऊन गेलेलं असायचं गं, आणि त्या कट्ट्यावर तासभर नुसत्या बसायच्या. तुझ्याशी बोलायचं नाही ही शपथ मोडायची नव्हती आणि नातीला उपाशी ठेवायचं नव्हतं. फोटोत मी डबा धरून उभी आहे ना, तेव्हा पुढच्या रांगेत ज्यांना भिऊन मी खरं गिळलं, त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणजे मी कुणाला भ्याले? कुणालाच नाही. नुसत्या टाळ्यांना. हा निरोप मी सहा वर्षं दिला नाही, कारण तो दिला असता तर हेही सांगावं लागलं असतं.

म्हणून हे पत्र. आजी झाले ते सांगायला फोनही चालला असता, तुझा नंबर पत्त्याखालीच लिहिलेला होता. पण फोनवर मी पुन्हा 'उद्या' म्हटलं असतं. तर ऐक. त्या माईकवर मला एक अक्षर जास्त बोलायचं होतं. 'वरचं' नाही, 'वरचीचं'. बादली वाहत होती तेव्हाही तेच बोलायचं होतं. आणि तू गाव सोडताना जिन्यात उभी राहून दार वाजवलंस तेव्हा मी आतून ओरडले ना, भाजी लागतेय म्हणून, तर भाजी नव्हतीच शेगडीवर. चुकलं माझं. आता शुक्रवारच्या आत ये. एकटी नको, काडीलाही घेऊन ये. झडतीवालीची लेक सांगत होती, तो आता सव्वासहा फूट आहे आणि दारातून आडवा होऊन शिरतो. माझ्या दुधाचा तेवढा पुरावा माझ्या लेकीला पुरेल, त्याला बघून तरी ती म्हणणार नाही की आपल्या घरात दूध नाही. होऊ दे एकदा दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी. फोटो मी काल खाली उतरवला. भिंतीवर चौकोन उरलाय, खिळा तसाच ठेवलाय. फोटोवाला सांगून ठेवलाय, तू, मी, डबी, काडी आणि मधोमध ही छोटी सासूबाई. लिफ्ट बंद पडली तर जिन्याने ये, हळूहळू, इथे तिसरी पायरी कुरकुरत नाही. आणि चार मजले चढून वर आलीस की दारावर माझं नाव बघून हसू नकोस. राहत असेन मी वर, पण तुझ्यापुढे मी आहे तीच.

तुझीच,
खालची